स्त्रियांची दुखणी आणि चिनी सुई



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या गावोगावच्या व्यासपीठांवर वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत नाना विषय बोलले गेले. परंतु घरातल्या निम्म्या माणसांना महिन्यातले चार दिवस जे सोसावे लागते, त्याविषयी या व्यासपीठांवरून फारसे कोणी बोलले नाही. संकोच हे त्याचे कारण. आपल्या भाषेतच पाहा. "कावळा शिवला", "बाहेर बसली", "अंगावर जाते", "अंग बाहेर येते" असे शब्द आपण योजतो. त्यांत दुखणे सांगितलेही जाते आणि झाकलेही जाते. म्हणून आजचा विषय काही जणांना वसंतऋतूच्या रम्य संध्याकाळी अप्रस्तुत वाटला, तर त्यांना आम्ही दोष देणार नाही. आमची विनंती एवढीच, की पुरुषमंडळींनी मध्येच उठून जाऊ नये. हे व्याख्यान त्यांच्यासाठीही आहे. किंबहुना त्यांच्यासाठीच अधिक आहे.

विषय असा. अलीकडे शहरांतून आणि तालुक्याच्या गावांतूनही ॲक्युपंक्चरच्या, म्हणजे सुया टोचून करावयाच्या उपचारांच्या पाट्या दिसू लागल्या आहेत. पाळीच्या वेळची कळ, अनियमित पाळी, ज्याला आता सर्रास पीसीओडी म्हणतात ते बीजकोषांचे दुखणे, मूल न होणे, पाळी जाण्याच्या वयात अंगातून निघणाऱ्या वाफा, या सर्वांवर सुईचा गुण येतो असे सांगितले जाते. आमच्या भगिनी विचारतात, "हे खरे काय?" या साध्या प्रश्नाचे साधे उत्तर आम्हांला द्यावयाचे आहे. आम्ही सुईचे भक्त नव्हे आणि वैरीही नव्हे. ही विद्या काय आहे व आपल्याकडे कशी आली, हे प्रथम सांगू. मग एकेका दुखण्यावर तिची पारख करून पाहिली तेव्हा काय आढळले ते पाहू. आणि शेवटी वर्धा जिल्ह्यातल्या बाईच्या आयुष्यात तिला कोणती जागा द्यावी, याचा विचार करू.

चीनमध्ये ही विद्या सुमारे दोन हजार वर्षे तरी चालत आलेली आहे. पीतसम्राटाच्या नावावर असलेल्या त्यांच्या प्राचीन वैद्यकग्रंथात तिचे विवेचन आहे. तिचे चिनी नाव दोन शब्दांचे आहे. एकाचा अर्थ सुई आणि दुसऱ्याचा अर्थ डाग किंवा शेक. म्हणजे टोचणे आणि शेकणे ही जुळी भावंडे होत. शेकण्यासाठी जी वनस्पती वाळवून, कुटून, तिची वात करून पेटवतात ती आपल्या दवण्याच्या कुळातली. चैत्रात देवाला आपण जो दवणा वाहतो, त्याच्याच भाऊबंदांपैकी एकीचा शेक चिनी वैद्य देतात. आपल्या सुश्रुतानेही अग्निकर्म सांगितले आहे. तेवढ्यावरून "ही विद्या मूळची आमचीच" असा डांगोरा पिटण्याची हौस काहींना असते. आम्हांला त्यात अर्थ दिसत नाही. शेकणे आणि टोचणे अनेक देशांतल्या माणसांना सुचलेले आहे, आणि एखादी विद्या कोणाची होती यावरून ती खरी की खोटी हे ठरत नाही.

चिन्यांनीही तिला नेहमीच डोक्यावर घेतले असे नव्हे. १८२२ साली तेथल्या सम्राटाने राजवैद्यांच्या संस्थेतून सुईचा विभाग बंद करविला. पुढे १९५० नंतरच्या काळात नव्या राजवटीने, कोट्यवधी लोकांना पुरतील इतके डॉक्टर नाहीत हे पाहून, जुन्या विद्येला पुन्हा आश्रय दिला. पाश्चात्य जगात तिचा गाजावाजा झाला तो १९७१ साली. रेस्टन नावाचे एक नामवंत अमेरिकन पत्रकार पेकिंगमध्ये आजारी पडले आणि त्यांचे आंत्रपुच्छ काढावे लागले. शस्त्रक्रिया नेहमीचे भुलीचे औषध देऊनच झाली. पुढे पोटात वायू धरला तेव्हा त्यांना सुया टोचल्या आणि आराम वाटला, असे त्यांनी स्वतःच लिहिले. पण लोकांच्या तोंडी गोष्ट झाली ती अशी, की सुया टोचून त्यांचे पोट फाडले! या विषयात असे वारंवार घडते. घडते शेरभर आणि सांगितले जाते मणभर.

आपल्या देशात ही विद्या येण्याच्या कथेचा एक धागा आपल्या विदर्भातून गेलेला आहे. १९३८ साली, सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष असताना, जपानच्या आक्रमणाखाली पोळणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक धाडले. अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी ही ती पाच नावे. यांतले डॉ. चोळकर आपल्या शेजारच्या नागपूरचे, डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. कोटणिसांनी चिनी सैनिकांची शुश्रूषा करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी तेथेच देह ठेवला. व्ही. शांताराम यांच्या १९४६ सालच्या चित्रपटाने त्यांचे नाव घरोघरी नेले. कोटणीस हे शस्त्रवैद्य होते. सुईची विद्या त्यांनी आणली असे मानणे चूक होईल. ती आणली त्यांचे सहकारी डॉ. विजयकुमार बसू यांनी. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, ती शिकून आले आणि कलकत्त्यात तिचा उपयोग करू लागले. त्यांच्यापासून अनेकांनी ती उचलली. पश्चिम बंगालने १९९६ साली आणि महाराष्ट्राने २०१५ साली या उपचारपद्धतीसाठी स्वतंत्र कायदा केला. म्हणजे आज ही पद्धती आपल्या राज्यात कायद्याच्या कक्षेत आहे. मात्र कायदा उपचार कोणी करावा हे ठरवितो. उपचाराने गुण येतो की नाही हे ठरविण्याचा अधिकार कोणत्याही विधिमंडळाला नाही.

आता सुई काम कशी करते म्हणतात ते पाहू. जुना चिनी सिद्धांत असा, की शरीरातून 'ची' नावाची प्राणशक्ती ठरावीक वाटांनी वाहते. वाट तुंबली की दुखणे उद्भवते. वाटेवरच्या नेमक्या बिंदूवर सुई घातली की ती मोकळी होते. स्त्रियांच्या दुखण्यांत सर्वांत प्रसिद्ध बिंदू घोट्याच्या आतल्या हाडावर चार बोटे, नडगीच्या मागच्या कडेला आहे. त्याच्या चिनी नावाचा अर्थ तीन वाटांचा संगम. ओटीपोटाच्या कळेसाठी तेथे सुई घालतात आणि गरोदर बाईच्या बाबतीत तो बिंदू टाळतात. या वाटा शरीर चिरून पाहणाऱ्यांना कधी सापडल्या नाहीत. तेव्हा 'ची'ला आपण एक जुनी उपमा समजून पुढे जाऊ.

आधुनिक शास्त्राचे म्हणणे निराळे आहे. मूल धडपडले की आई काय करते? लागलेल्या जागी हात चोळते, आणि मुलाचे रडे थांबते. हे नुसते लाड नव्हेत. १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या दोघा शास्त्रज्ञांनी असे मांडले, की पाठीच्या कण्यात वेदनेच्या वाटेवर एक दार आहे. स्पर्शाची, दाबाची संवेदना त्या दारात आली की वेदनेला आत शिरणे जड जाते. पुढे १९७५ साली असे आढळले, की मेंदू स्वतःच अफूसारखी वेदनाशामक द्रव्ये तयार करतो. सुई टोचल्याने ही द्रव्ये सुटतात असे दाखविणारे प्रयोगही मग झाले. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. सुईला वेदनेच्या बाबतीत काही गती असू शकेल, असे मानण्यास आधार आहे. परंतु वेदना कमी होणे निराळे आणि वेदनेचे मूळ जाणे निराळे. या एका भेदावर आमचे आजचे सारे व्याख्यान उभे आहे.

कोणत्याही उपचाराची पारख करताना एक अडचण येते. पुष्कळ दुखणी आपोआप कमी-जास्त होतात, आणि "मला गुण येणार" या भरवशानेही माणसाला बरे वाटते. म्हणून शास्त्रज्ञ युक्ती करतात. काही रोग्यांना खरी सुई टोचतात आणि काहींना लटकी. ही लटकी सुई नाटकातल्या खंजिरासारखी असते. कातडीला टेकली की आपल्याच मुठीत सरकते. पाहणाऱ्याला वाटते टोचली. कोणाला कोणती मिळाली हे रोग्याला ठाऊक नसते. शेवटी दोन्ही गटांची तुलना करतात. खऱ्या सुईचा गुण लटकीहून अधिक ठरला तर श्रेय सुईचे. सारखाच ठरला तर श्रेय दुसऱ्याच कशाचे तरी.

या कसोटीला एकेक दुखणे लावून पाहू. पहिले पाळीच्या कळेचे. तरुण मुलींत ही कळ बहुधा कोणत्याही रोगामुळे नसते. गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात, त्यांच्यामुळे गर्भाशय आवळतो आणि पोटात पिळवटते. यावर सुईचा काय उपयोग होतो हे पाहण्यासाठी २०१६ साली जगभरचे ४२ प्रयोग एकत्र तपासण्यात आले. त्यांत ४,६४० स्त्रिया होत्या. काही प्रयोगांत सुईने कळ कमी झाल्याचे दिसले. परंतु बहुतेक प्रयोग इतक्या हलक्या प्रतीचे होते, की गुण येतो किंवा येत नाही असे कोणतेच विधान ठामपणे करता येणार नाही, असा निर्णय परीक्षकांनी दिला. उलट, ती द्रव्ये तयार होऊ न देणाऱ्या आयबुप्रोफेनसारख्या साध्या गोळ्यांचा गुण सिद्ध आहे. पोटात व्रण, मूत्रपिंडाचे दुखणे किंवा दमा असेल तर मात्र त्या विचारूनच घ्याव्यात. आणि आजीचा शेक? २००१ साली अमेरिकेत ओटीपोटावर सतत मंद ऊब देऊन पाहिली, तर ती त्या गोळीच्या तोडीची ठरली. आपल्या आज्यांनी विटेचा आणि तव्यावर तापविलेल्या फडक्याचा शेक दिला, तो काही अडाणीपणाने नव्हे. जेथे फुकटचा शेक आहे तेथे आधी तो घ्यावा, एवढा व्यवहार आपल्याला कळतो.

दुसरे दुखणे पीसीओडीचे. पाळी महिनोन्‌महिने येत नाही, वजन वाढते, चेहऱ्यावर लव येते आणि लग्नानंतर मूल राहावयास वेळ लागतो. येथे प्रश्न वेदनेचा नाही. बीज वेळेवर सुटण्याचा आहे. खुद्द चीनमध्येच, सुईच्या माहेरी, अशा १,००० स्त्रियांवर मोठा प्रयोग झाला आणि त्याचा वृत्तांत २०१७ साली प्रसिद्ध झाला. बीज सुटण्याची नेहमीची गोळी आणि खरी सुई मिळालेल्या स्त्रियांपैकी २९.४ टक्के बाळंत झाल्या. गोळी आणि लटकी सुई मिळालेल्यांपैकी २८ टक्के. गोळीऐवजी नुसती पिठाची गोळी आणि खरी सुई मिळालेल्यांत हे प्रमाण १३.९ टक्के होते, आणि पिठाची गोळी व लटकी सुई मिळालेल्यांत १६.८ टक्के. आकडेच बोलतात. गोळीने काम केले. सुईने केले नाही. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांसोबत सुई टोचून पाहिली तेव्हाही तेच. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधल्या ८४८ स्त्रियांच्या प्रयोगात, २०१८ साली, खऱ्या सुईच्या गटात १८.३ टक्के आणि लटकीच्या गटात १७.८ टक्के प्रसूती झाल्या. ज्या घरात मूल नाही त्या घराची आशा मोठी असते आणि तिच्या पोटी ते घर कोठेही पैसे मोजते. म्हणून हे आकडे आम्ही मुद्दाम सावकाश वाचून दाखविले.

तिसरे, पाळी जाण्याच्या वयातल्या वाफा. एकाएकी चेहरा तापतो, घाम फुटतो, रात्री झोप उडते. ऑस्ट्रेलियात ३२७ स्त्रियांना दहा बैठकांत सुया दिल्या. २०१६ साली निकाल आला. खऱ्या सुईने वाफा सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्या. पण थांबा, लटक्या सुईनेही तितक्याच कमी झाल्या. याचा अर्थ काय? आराम खरा होता. तो सुईमुळे नव्हता, इतकेच. मग कशामुळे होता? या प्रश्नाकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

चौथ्या दुखण्याविषयी बायका आपसांतही बोलत नाहीत. बाळंतपणांनंतर खोकले, शिंकले, हसले, की नकळत लघवी होते. येथे मात्र सुईच्या बाजूने साक्ष आहे. चीनमधल्या १२ रुग्णालयांत ५०४ स्त्रियांना, सुयांना सौम्य विजेची जोड देऊन, सहा आठवड्यांत १८ बैठका दिल्या. तासाभरात होणारी गळती खऱ्या सुईने ९.९ ग्रॅम कमी झाली आणि लटकीने २.६ ग्रॅम. हा निकाल २०१७ चा. फरक खरा आहे, आणि तो आम्ही मोकळ्या मनाने सांगतो. तथापि याच दुखण्यावर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून सोडण्याचा व्यायाम हा पहिला उपाय समजला जातो. त्याला सुई लागत नाही, वीज लागत नाही, फी लागत नाही. तो शिकवावयास मात्र कोणी तरी लागते, आणि आपल्याकडे तोच कोणी नसतो.

पाचवे उदाहरण थोडे गमतीचे. आपल्याकडे पायाळू माणसाचे मोठे महत्त्व. कंबरेत चमक भरली की पायाळूची लाथ खावी, असे आपल्याकडे मानतात. चिनी वैद्यांनी उलट विचार केला. पोटातले मूल पायाळू होऊ घातले असेल तर आईच्याच पायाच्या करंगळीला त्या दवण्याच्या भाऊबंदाचा शेक द्यावा, म्हणजे मूल फिरते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या चीनमधल्या प्रयोगात शेक घेतलेल्या १३० पैकी ९८ गर्भवतींची मुले डोक्याकडे फिरली, आणि न घेतलेल्या १३० पैकी ६२ जणींची. सर्वांना नवल वाटले. पुढे इटलीत हाच प्रयोग करून पाहिला. त्याचा निकाल २००५ साली आला, तर दोन्ही गटांत फरक उरला नाही. एका प्रयोगाने हुरळून जाऊ नये, हा धडा त्यातून घ्यावयाचा.

एवढ्या पारखीचा निष्कर्ष एका वाक्यात सांगावयाचा तर असा: सुई काही वेदनांना व काही त्रासांना थोडाफार आराम देऊ शकते, बीज सोडविणे, मूल देणे ही कामे तिची नव्हेत, आणि जंतूंचा दोष, रक्तक्षय, गाठ किंवा कर्करोग यांवर ती उपाय आहे असे दाखविणारा भरवशाचा पुरावा नाही.

येथे कोणी शंका काढील, की लटक्या सुईनेही वाफा कमी झाल्या ना? मग बाईला बरे वाटले तर तुमचे काय गेले? शंका रास्त आहे. तिचे उत्तर दोन भागांत देतो.

पहिला भाग सुईवाल्याच्या बाजूचा आहे. त्याच्याकडे बाई गेली की काय होते? तो तिला निजवतो, नाडी धरतो, झोप कशी लागते, भूक कशी आहे, पाळी केव्हा येते, मन कशात गुंतले आहे, हे विचारतो. अर्धा तास ती बाई स्वस्थ पडून राहते. घरची चूल, लेकरे, गुरे, शेत यांतून सुटलेला असा अर्धा तास तिला एरवी कधी मिळतो? आमच्या मते लटक्या सुईचे बरेचसे श्रेय या विसाव्याला आणि या विचारपुशीला आहे. दवाखान्याच्या गर्दीत दोन मिनिटांत चिठ्ठी हातात देणाऱ्या आपल्या डॉक्टरमंडळींनी यापासून काही शिकण्याजोगे आहे. ऐकून घेणे हाही औषधाचा एक अंश आहे.

दुसरा भाग मात्र गंभीर आहे. बरे वाटण्यात धोका असतो तो वेळ जाण्याचा. आपल्या पूर्वेला गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हे त्यापूर्वी आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यांतच काम करीत होते. त्या तपासणीचा वृत्तांत जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय पत्रात आला आणि जग थक्क झाले. तपासलेल्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. एकेकीला सरासरी ३.६ दुखणी होती, आणि त्यांतली जवळजवळ निम्मी जंतुदोषाची होती. त्याआधी कधी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया होत्या केवळ ८ टक्के. भगिनींनो आणि बंधूंनो, हा शेवटचा आकडा आम्हांला सर्वांत मोठा वाटतो. खेड्यातल्या बाईचे खरे दुखणे सुई मिळत नाही हे नव्हते. तिला कोणी तपासतच नव्हते. अंगावर पांढरे जाते, कंबर धरते, थकवा येतो, हे बाईच्या जातीला असायचेच, असे सासूने सुनेला सांगितले आणि सुनेने आपल्या लेकीला.

अशा बाईच्या कंबरदुखीवर सुई टोचली आणि दुखणे चार दिवस दबले, तर आतला जंतुदोष तसाच राहतो, नळ्या बंद होतात आणि पुढे मूल राहत नाही. अंगावर फार जाऊन रक्त कमी झाले असेल, तर सुईने थकवा झाकला जाईल, रक्त भरून येणार नाही. आणि पाळी गेल्यानंतर वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा लाल दिसू लागले, संबंधानंतर रक्त गेले, पांढऱ्याला दुर्गंधी आली, पोटात गाठ लागली, तर एक दिवसही इकडे-तिकडे न घालविता स्त्रीरोगाच्या डॉक्टरांकडे गेले पाहिजे. आपल्याच महाराष्ट्रात, तेव्हाच्या उस्मानाबाद व आताच्या धाराशिव जिल्ह्यात, १,३१,७४६ स्त्रियांना घेऊन झालेल्या प्रयोगाचा निकाल २००९ साली आला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणारा विषाणू शोधण्याची एकच तपासणी आयुष्यात एकदा केली, तरी त्या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. एका तपासणीची ही किंमत आहे.

आता नाण्याची दुसरी बाजू. तपासणी नाही याचा अर्थ उपचार नाहीत असा होत नाही. कधी कधी एकदम सुरीच येते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची पाहणी २०१९ साली राज्य शासनाने नेमलेल्या समितीपुढे आली. ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढलेल्या होत्या. अंगावर जाते, पोट दुखते, खाडा झाला तर मजुरी बुडते. मग "पिशवीच काढून टाका" हा सोपा मार्ग ठरला. एकीकडे दुखणे अंगावर काढणे आणि दुसरीकडे अवयवच काढणे, या दोन टोकांमध्ये आपल्या बाईला मधली वाट नाही. नीट तपासणी, साधी औषधे, लोहाच्या गोळ्या, व्यायाम, शेक आणि वेदना शमविणारे सौम्य उपाय, ही ती मधली वाट. तिच्यावर शेवटच्या उपायांच्या ओळीत सुईलाही बसावयाला जागा आहे. तपासणीनंतर, रोग नाही असे ठरल्यावर किंवा रोगाचे औषध चालू असताना, कळ सोसवत नाही म्हणून कोणी सुई घेतली, तर आम्ही तिला नावे ठेवणार नाही.

हा क्रम या जिल्ह्याला नवा नाही. गांधीजी १९३६ साली शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहावयास आले. मातीची पट्टी, कटिस्नान, आहारशुद्धी यांवर त्यांची निष्ठा सर्वश्रुत आहे. परंतु त्यापूर्वी जानेवारी १९२४ मध्ये, येरवड्याच्या तुरुंगात असताना, त्यांच्या आंत्रपुच्छाला सूज आली, तेव्हा मातीच्या पट्टीचा आग्रह न धरता पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांच्या हातून त्यांनी शस्त्रक्रिया करवून घेतली. सौम्य उपायांवर श्रद्धा असावी, पण ती रोग ओळखण्याच्या आड येऊ नये, हा त्यातला बोध. आणि पुढे कस्तुरबांच्या नावाने सेवाग्रामला जे रुग्णालय निघाले ते आरंभी लहानसे होते, आणि होते कोणासाठी? स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी. १९६९ साली त्याच्या जोडीला वैद्यकीय महाविद्यालय आले. वर्धेच्या बाईला तपासणीसाठी जागाच नाही, असे आपल्याला म्हणता येणार नाही.

मग अडते कोठे? अडते ते घराच्या उंबरठ्यावर. आष्टी-कारंजाकडची बाई कापूस वेचणीच्या दिवसांत वर्धेला येणार म्हणजे तिची मजुरी बुडणार, बसभाडे पडणार, आणि बरोबर कोणी तरी यावयास हवे. सुईचा उपचार एका बैठकीत होत नाही. दहा-बारा बैठका लागतात. शहरातल्या बाईला त्या परवडतील. हिंगणघाट-समुद्रपूरच्या शेतमजूर बाईचे त्यात बारा रोज जातील. आमचे म्हणणे असे, की त्या बारा रोजांतला पहिला रोज तपासणीला द्यावा. त्या एकाच दिवसात उरलेल्या अकरांची गरज आहे की नाही, हे बहुधा कळून येईल.

ज्यांना सुई घ्यावयाचीच आहे त्यांच्यासाठी व्यवहाराच्या चार गोष्टी. टोचणारा नोंदणी झालेला आहे काय, हे विचारावे. विचारण्यात अपमान नाही. सुई दरवेळी नवी, आपल्यासमोर पाकीट फोडून काढलेली असावी. जुन्या सुईतून काविळीचे आणि एड्सचे विषाणू जाऊ शकतात. आपण गरोदर असू, किंवा रक्त पातळ होण्याचे औषध घेत असू, तर ते आधी सांगावे. आणि चालू असलेली औषधे "आता सुई आहे, ती बंद करा" असे कोणी म्हणाल्यास त्या जागेवरून उठावे. चार-सहा बैठकांत काहीच फरक वाटला नाही, तर पुढे पैसे घालू नयेत.

शेवटी पुरुषमंडळींना आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना दोन शब्द. बैलाने वैरण टाकली की आपण त्याच दिवशी गुरांच्या डॉक्टरकडे धावतो. घरातली बाई सहा महिने कंबर धरून चालते आणि आपल्याला ते दिसत नाही. दिसले तरी आपण विचारीत नाही. कारण विचारावयाचे कसे, त्याचा शब्दच आपल्याला शिकविलेला नाही. तो शब्द फार अवघड नाही. "अहो, दुखते काय? चला, दाखवून येऊ." एवढाच तो आहे. सासूबाईंनी सुनेला, नवऱ्याने बायकोला, लेकाने आईला तो येत्या आठवड्यात एकदा म्हणून पाहावा. सुई चिनी असो, गोळी विलायती असो की शेक आजीचा असो, त्यांतला कोणता उपाय कोणाला लागू पडेल ते तपासणीनंतर ठरेल. तपासणीला नेण्याचे काम मात्र डॉक्टरांचे नाही, ते आपले आहे.